सलाम वर, मागणी खाली

अब्बा मराठीचे शिक्षक होते. मुलाण्याच्या घरातला माणूस पोरांना मराठी व्याकरण शिकवतो याचे गावाला कौतुक होते. आम्हा भावंडांना मात्र त्यांच्या खिशातल्या लाल पेनाची धास्ती होती. घरात आलेला कुठलाही छापील कागद त्यातून सुटत नसे. लग्नपत्रिका, उरुसाचे हँडबिल, निवडणुकीचे पत्रक. वर ७८६ आणि चांदतारा छापलेले पत्रक असले तर ते दोनदा वाचत. म्हणत, "सलाम वर असतो, मागणी खाली असते. आधी खालचं वाच." मला वाटे, अब्बा उगाच ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढत बसतात.

डिसेंबर २०२३ मध्ये बातमी वाचली. इस्रायली लष्कराने दक्षिण गाझात टाकलेल्या एका पत्रकावर कुराणातली आयत छापली होती. सूरह अन्कबूतमधली, नूह अलैहिस्सलाम यांच्या कौमला महापुराने गाठले, ती. हमासने ७ ऑक्टोबरच्या हल्ल्याला 'अल-अक्सा महापूर' असे नाव दिले होते. पत्रकाचा रोख त्या नावाकडे होता हे उघड आहे. पण ते पत्रक पडले बायका-पोरांच्या अंगणात. वरून बॉम्ब पडत असताना त्यांच्याच पाठातली आयत त्यांना वरूनच वाचून दाखवली गेली. मला अब्बांचे पेन आठवले. आणि अब्बांच्याही दोनशे वर्षे आधी असेच पेन चालवणारा कैरोचा एक आलिम आठवला.

अब्दुर्रहमान अल-जबर्ती हे त्याचे नाव. अल-अझहरच्या परंपरेतला विद्वान, इतिहासकार. १७९८ च्या जुलैमध्ये नेपोलियनची फौज अलेक्झांड्रियाला उतरली तेव्हा जबर्ती पंचेचाळिशीच्या आसपास होता. फौज कैरोला पोहोचण्याआधी तिचा जाहीरनामा पोहोचला. तो अरबीत होता. नेपोलियनने जहाजावर अरबी छापखानाच आणला होता, त्याचे खिळे रोमहून मिळवलेले. दुभाषेही सोबत होते.

जाहीरनाम्याची सुरुवात बिस्मिल्लाहने होते. मग अल्लाह एकच आहे, त्याला पुत्र नाही, भागीदार नाही. पुढे नेपोलियन सांगतो की तो मिसरी लोकांचा धर्म बुडवायला आलेला नाही, त्यांच्यावर जुलूम करणाऱ्या मम्लूक सरदारांना शिक्षा करायला आला आहे. मम्लूकांपेक्षा आपणच अल्लाहची इबादत जास्त करतो, पैगंबर आणि कुराण यांचा आदर करतो. फ्रेंच हेही खरे मुसलमानच आहेत, असाही दावा आहे. पुरावा काय? तर त्यांनी रोमवर चाल करून पोपची गादी मोडली आणि माल्टातल्या ख्रिस्ती सरदारांना हुसकले.

जबर्तीने काय केले? त्याने तो कागद फाडला नाही, डोळ्यालाही लावला नाही. आपल्या बखरीत तो सगळा उतरवून घेतला आणि मग शब्दाशब्दावर टीप लिहिली. इथे वाक्याचा क्रम चुकला आहे, इथे हा शब्द अनाठायी आहे. अल्लाहच्या एकत्वाची वाक्ये आहेत, पण मुहम्मद हे त्याचे रसूल आहेत हा कलम्याचा दुसरा भाग कुठे आहे? तो गाळला आहे. म्हणजे हे लोक सगळ्याच धर्मांशी थोडे जुळवून घेतात आणि एकही मानत नाहीत.

त्याची एक टीप मला फार आवडते. 'आम्ही मुसलमान आहोत' या अर्थाच्या वाक्यात 'मुस्लिमून' असे रूप हवे होते, जाहीरनाम्यात 'मुस्लिमीन' आले. अरबी व्याकरणात या दुसऱ्या विभक्तीला 'नस्ब' म्हणतात. 'नस्ब' या शब्दाचा दुसरा अर्थ फसवणूक. जबर्ती ही चूक दाखवतो आणि वर म्हणतो की त्यांचा इस्लामही नस्बच आहे. तोफा दारात आलेल्या असताना माणसाला विभक्तीवर कोटी सुचते! पण ती नुसती कोटी नाही. तुम्ही माझ्या भाषेत माझ्याशी बोलायला आलात, तर माझ्या भाषेच्या कसोटीवर तुम्हाला घासून पाहण्याचा हक्क मला आहे, एवढे ती सांगते.

आता अब्बा म्हणत तसे खालचे वाचू. शेवटी कलमे आहेत. फौजेच्या वाटेपासून तीन तासांच्या अंतरातल्या प्रत्येक गावाने आपली माणसे पाठवून शरणागती कळवावी आणि पांढरे-निळे-लाल निशाण लावावे. जे गाव फौजेविरुद्ध उठेल ते जाळले जाईल. मशिदीत नमाज नेहमीप्रमाणे चालू राहावी. बिस्मिल्लाहपासून गाव जाळण्यापर्यंतचे अंतर एका कागदाचे.

त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला, नव्या करांवरून कैरो उठले. टेकडीवरून तोफा डागल्या गेल्या. कुराणाचा आदर करतो म्हणणाऱ्यांचे स्वार घोड्यांसह अल-अझहर मशिदीत शिरले. किबल्याला घोडे बांधले, कंदील फोडले, किताबे आणि कुराणाच्या प्रती जमिनीवर फेकल्या. हेही जबर्तीनेच लिहून ठेवले आहे.

पण जबर्तीला एकरंगी वीर करणे बरोबर नाही. फ्रेंचांच्या ग्रंथालयात तो जाऊन आला, तिथली पुस्तके, नकाशे, यंत्रे पाहून थक्क झाला आणि ते त्याने मोकळेपणाने लिहिले. सगळी माणसे अल्लाहसमोर समान आहेत, हे जाहीरनाम्यातले वाक्य मात्र त्याला पटले नाही. तिथे मला तोच मागे राहिलेला वाटतो. पुढे फ्रेंचांच्या दिवाणात तो सदस्य म्हणून बसला. १८०१ मध्ये फ्रेंच गेले आणि उस्मानी परतले, तेव्हा त्याने त्याच काळाचा दुसरा इतिहास लिहिला आणि तो उस्मानी वजिराला अर्पण केला. पत्रक ओळखणाऱ्यालाही दरबारापुढे वाकावे लागते.

याचा राग मला येत नाही, कारण आमच्याच घराचे उदाहरण आहे. आमच्याकडे मुलाणकीचे वतन होते. १० फेब्रुवारी १८१८ ला साताऱ्याचा किल्ला कंपनीच्या हाती गेला आणि दुसऱ्याच दिवशी एल्फिन्स्टनने पेशव्यांच्या मुलखातल्या रयतेसाठी जाहीरनामा काढला. तोही लोकांच्या भाषेत, मराठीत फिरवला. वतने, इनामे, धर्मस्थानांची नेमणूक चालू राहील. मात्र बाजीरावाच्या चाकरीत असणाऱ्यांनी दोन महिन्यांत घरी परतावे, नाहीतर त्यांचे वतन जाईल. सलाम वर, मागणी खाली. आमच्या पूर्वजांनी मुकाट मान तुकवली असणार, कारण त्यानंतरही वतन घरात राहिले. पोरेबाळे असलेल्या माणसाने दुसरे काय करावे? गाझातल्या बापानेही पत्रक पाहिले की मुलांना घेऊन निघायचेच असते. व्याकरणाने तोफ थांबत नाही.

मग जबर्तीच्या टिपांचा उपयोग काय, असा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारत होतो. एवढेच उत्तर सापडले की धमकी आपल्या भाषेत आणि आपल्या अल्लाहच्या नावाने आली म्हणून ती मेहेरबानी ठरत नाही, हे कुणीतरी त्याच दिवशी लिहून ठेवावे लागते. फौज गेल्यावर तिचे म्हणणे तिच्या दप्तरात उरते. ऐकणाऱ्याचे म्हणणे मात्र त्याने स्वतः लिहिले तरच उरते.

अब्बांच्या इंतकालनंतर त्यांच्या ट्रंकेत सुतळीने बांधलेला एक गठ्ठा सापडला. वर्षानुवर्षांची पत्रके होती. त्यांनी ती कुणाला परत पाठवली नव्हती, कुणाशी वादही घातला नव्हता. फक्त प्रत्येकावर तारीख घातली होती. आणि सर्वात वरच्या पत्रकावर, ७८६ ला न शिवता, शेवटच्या ओळीखाली लाल रेघ मारली होती.