बॅट ठेवल्यानंतर

चेंडू अजून पिचरच्या मुठीत असतो आणि सादाहारू ओचा उजवा पाय वर गेलेला असतो. गुडघा पोटाशी ओढलेला, बॅट डोक्यामागे कललेली, सगळं अंग एकट्या डाव्या पायावर तोललेलं. क्रिकेटवर वाढलेल्या माझ्या डोळ्यांना ही जुनी चित्रफीत पहिल्यांदा खरीच वाटेना. पिचरच्या हातून सुटलेला चेंडू बॅटपर्यंत यायला अर्धा सेकंदही घेत नाही. तेवढ्यात हा माणूस पाय टेकतो, कंबर वळवतो आणि चेंडू प्रेक्षकांत धाडतो. १९५९ ते १९८० या काळात त्याने असे ८६८ होमरन मारले. व्यावसायिक बेसबॉलमध्ये इतके आजवर कुणाच्याही नावावर नाहीत.

तरी मला ओढ लागली ती त्याच्या पुढच्या आयुष्याची. बॅट खाली ठेवल्यावर त्याने एकोणीस मोसम मॅनेजर म्हणून काढले, आणि त्या वर्षांत त्याला जे सोसावं लागलं ते एका पायावर उभं राहण्याहून कितीतरी अवघड होतं, असं मला मनापासून वाटतं.

टोकियोतल्या सुमिदा भागात त्याच्या घरची छोटीशी चिनी खानावळ होती. वडील चीनच्या झेजियांग प्रांतातून आलेले, आई जपानी. १९४० साली तो जुळ्यातला एक म्हणून जन्मला. बहीण लहानपणीच गेली. १९५७ च्या वसंतात कोशिएनच्या शालेय स्पर्धेत त्याच्या शाळेने विजेतेपद मिळवलं, तेव्हा पिचर तोच होता. त्याच वर्षी राष्ट्रीय क्रीडा महोत्सवाचं बोलावणं आलं. संघ गेला, पण सादाहारूला खेळू दिलं नाही, कारण कागदोपत्री तो चिनी नागरिक होता. जन्म टोकियोचा, शाळा टोकियोची, बोली टोकियोची, आणि तरीही मैदानाबाहेर. सतरा वर्षांच्या पोराला हे कसं लागलं असेल! पुढे कीर्तीच्या शिखरावरही त्याने नागरिकत्व बदललं नाही. वडिलांचं होतं तेच ठेवलं.

योमिउरी जायंट्सने त्याला घेतलं ते पिचर म्हणून, आणि लगेच फलंदाजीकडे वळवलं. पहिल्या सव्वीस प्रयत्नांत एकही फटका बसला नाही. सत्ताविसाव्याला होमरन! पण तो चमत्कार टिकला नाही. तीन वर्षं तो चाचपडत राहिला, वारंवार बाद व्हायचा आणि प्रेक्षक हुर्यो उडवायचे. मग १९६२ मध्ये हिरोशी आराकावा हा वस्ताद त्याचा प्रशिक्षक झाला. सादाहारूचं दुखणं वेळेचं होतं. चेंडू येई तेव्हा बॅट निघायला उशीर व्हायचा. आराकावाने त्याला पाय आधीच उचलून थांबायला लावलं. हे थांबणं अंगी मुरावं म्हणून त्याला आयकिदोच्या आखाड्यात नेलं, हाती खरी तलवार दिली आणि दोऱ्याने टांगलेला कागद कापायला सांगितलं. कागद नुसत्या वाऱ्यानेही सरकतो. जोर लावून तो कापला जात नाही. रात्री-रात्री आराकावाच्या घरी हा सराव चालायचा आणि पायांखालच्या तातामी चटया झिजून जायच्या. त्या वर्षी त्याने ३८ होमरन मारले, आणि तिथून सलग तेरा वर्षं लीगमध्ये सर्वाधिक होमरन त्याचेच होते. १९७७ च्या ३ सप्टेंबरला त्याने ७५६ वा मारून अमेरिकेच्या हँक एरनला मागे टाकलं.

१९८० मध्ये, चाळिशीत, त्याने त्या मोसमात ३० होमरन मारले आणि खेळ सोडला. एवढ्या फटक्यांवर दुसऱ्या कुणीही आणखी दोन-तीन वर्षं सहज रेटून नेली असती. त्याला मात्र स्वतःचीच फलंदाजी ओळखू येईनाशी झाली होती.

बेसबॉलमधली एक प्रथा मला फार आवडते. मॅनेजरही खेळाडूंचाच गणवेश घालतो. वय साठ असो की सत्तर, टोपी तीच, पाठीवर क्रमांक. खेळाडू असताना सादाहारूचा क्रमांक १ होता. १९८४ मध्ये तो जायंट्सचा मॅनेजर झाला तेव्हा पाठीवर ८३ आला. अंगावर तोच पोशाख, आणि हाती काही नाही. फटका दुसऱ्याने मारायचा, चेंडू दुसऱ्याने टाकायचा, आपण फक्त कुणाला कधी पाठवायचं ते ठरवायचं. डाव घसरू लागला की तो कातोरी या पिचरला बोलवायचा, पुन्हा पुन्हा त्यालाच, इतका की प्रेक्षकांत त्याची थट्टा झाली. ज्याच्यावर विसंबता येतं त्याच्याकडेच हात जाणं मला समजतं. आयुष्यभर तो एकाच माणसावर, स्वतःवर, विसंबलेला होता. पाच मोसमांत लीगचं विजेतेपद एकदाच आलं, १९८७ ला, आणि १९८८ नंतर ते पद गेलं.

१९९५ मध्ये तो फुकुओकाच्या दाईएई हॉक्सकडे गेला. हा संघ १९७८ पासून लीगच्या पहिल्या तिघांत आलेला नव्हता. पुढच्याच वर्षी, मे महिन्यात ओसाकात एक सामना हरल्यावर चाहत्यांनी संघाच्या बसवर कच्ची अंडी फेकली. काचेवरून पिवळं ओघळत होतं, आणि आत ८६८ होमरनचा धनी बसला होता. आपल्याला जिंकण्यावाचून गत्यंतर नाही, हेच त्याने खेळाडूंना सांगितल्याचं ते पुढे सांगत राहिले. तो चाहत्यांवर चिडला नाही, पद सोडून गेला नाही. तीन वर्षांनी, १९९९ मध्ये, त्याच हॉक्सने जपान सिरीज, म्हणजे देशाचं अजिंक्यपद, जिंकली. क्लबला हा मान १९६४ नंतर प्रथमच मिळाला. २००३ ला पुन्हा जिंकली. माझ्या लेखी त्याच्या ८६८ पैकी कुठलाही फटका त्या अंड्यांनंतरच्या तीन वर्षांची बरोबरी करत नाही.

आणि तरी एक गोष्ट मला टोचत राहते. १९६४ मध्ये त्याने एका मोसमात ५५ होमरन मारून विक्रम केला होता. १९८५ मध्ये रँडी बास हा अमेरिकन ५४ वर पोहोचला आणि शेवटचा सामना सादाहारूच्या जायंट्सशी आला. पिचर त्याला मारता येईल असा चेंडूच देईनात. जाणूनबुजून बाहेर टाकत राहिले. २००१ मध्ये टफी रोड्सने ५५ गाठले आणि पुढे हॉक्सच्या पिचरांनी तेच केलं. परदेशी माणसाने हा विक्रम मोडू नये, असं संघातल्या एका कोचने उघड बोलून दाखवलं. २००२ मध्ये अलेक्स काब्रेराच्या वाट्यालाही तेच आलं. आपण तसा हुकूम दिला नव्हता, असं सादाहारूचं म्हणणं होतं, आणि मी त्यावर विश्वास ठेवतो. पण मॅनेजरने डगआउटमधून एक शब्द उच्चारला असता तर चेंडू सरळ पडले असते. ज्याला सतराव्या वर्षी कागदावरच्या देशापायी मैदानाबाहेर ठेवलं, त्यानेच तो शब्द उच्चारायला हवा होता. मला तो माणूस अतिशय प्रिय आहे, आणि म्हणूनच हे गप्प राहणं मी विसरू शकत नाही. तो विक्रम अखेर २०१३ मध्ये कुरासाओच्या व्लादिमिर बालेंतिएनने मोडला आणि ६० पर्यंत नेला.

२००६ च्या मार्चमध्ये पहिल्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकसाठी तो जपानचा मॅनेजर होता. कोरियाकडून दोनदा हरूनही जपान उपांत्य फेरीत पोहोचला, तिथे कोरियालाच ६-० ने हरवलं आणि सॅन डिएगोतल्या अंतिम सामन्यात क्यूबाला १०-६ ने. त्याच जुलैमध्ये पोटाच्या कर्करोगापायी त्याचं पूर्ण जठर काढावं लागलं. पुढच्या मोसमात तो पुन्हा हजर, ८९ क्रमांकाच्या गणवेशात, अंगाने निम्मा झालेला. २००८ मध्ये हॉक्स लीगमध्ये शेवटचे आले, आणि त्याने मॅनेजरपद सोडलं. चौदा मोसमांचा शेवट तळाला झाला, पण तोवर फुकुओकाचं शहर त्याचं झालं होतं.

अंडी फेकली गेली त्या वर्षीच्या संघात हिरोकी कोकुबो नावाचा तरुण फलंदाज होता. २०२४ मध्ये तो हॉक्सचा मॅनेजर झाला, क्लबच्या अध्यक्षपदी तेव्हा सादाहारू होता, आणि त्या पहिल्याच मोसमात कोकुबोने लीग जिंकली.