पस्तिशीतला पहिला नंबर

रोवलेल्या काठ्यांमधून वळणं घेत बर्फावरून उतरायचं, दोन फेऱ्यांची वेळ मिळवायची, ही स्लालम. 2021-22 च्या हंगामात पुरुषांचा स्लालमचा चषक नॉर्वेच्या क्रिस्टोफरसननं नेला. नेऊ दे बापडा! माझं मन अडकलंय ते डेव्ह रायडिंगपाशी. इंग्लंडातल्या पेंडलला प्लास्टिकच्या उतारावर शिकलेला हा गडी. पडलं की सालटंच निघायचं! वय 35. आपल्याकडं या वयाच्या बाईला म्हणतात, आता काय नवीन करणार गं?

22 जानेवारी 2022, ऑस्ट्रियातलं किट्झब्यूएल. पहिल्या फेरीअखेर हा सहावा. दुसरी फेरी उतरून खाली थांबला. वरून पाचजण यायचे होते. एकेक करत पाचही मागं पडले. विश्वचषकाची अल्पाइन शर्यत जिंकणारा पहिला ब्रिटिश तोच.