नैवेद्याआधीची वाटी

लग्नाची यादी करताना आत्या, मावश्या, चुलत-मामे सगळे आठवतात. मैत्रीण मात्र शेवटी, 'आणखी कोण राहिलं गं?' म्हटल्यावर. जणू ती उरलीसुरलीच!

नेरे गावी आमच्या आळीत ख्रिस्ती घर आमचे एकच. शेजारीण माळकरी. तिच्याकडे द्वादशीला शिरा झाला की माझी वाटी येते, पण ती देवाला नैवेद्य दाखवण्याआधी काढून ठेवलेली. मी एकदाच संकोचत कारण सांगितले होते, तिने ते कायमचे ध्यानात ठेवले. नाताळात तिच्यासाठी मी बिनअंड्याचा केक करते. फिटला हिशेब!

प्रार्थनेला येणाऱ्या एका बाईंनी मला बाजूला घेतले. "बाहेरच्यांशी एवढी घसट बरी का?" प्रश्न लागला मनाला. बाई वाईट नाहीत, आणि कुसंगतीबद्दल पौलाने करिंथकरांना बजावलेले आहेच. पण चांगली संगत कोणती?

मी रूथचे पुस्तक काढले. चारच अध्याय, एका दुपारी वाचून होतात. नवरा आणि दोन मुलगे गेलेली नामी आणि तिची मवाबी सून. परकी, तीही विधवा. बेथलेहेमच्या शेतात जवाचा सरवा वेचून रूथ सासूला जगवते. तिने सासूचा देव आपला मानला हे खरे. पण नामी तर तिला माहेरी परत जा म्हणत होती, ओढत नव्हती. (आपल्यातल्या किती सासवा असे म्हणतील?) ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर खरे मित्र होते. उपदेश सुरू केला आणि बिघडले!

मला खरा धीर मात्र पंडिता रमाबाईंनी दिला. 1883 साली लहानग्या मनोरमाला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज गावी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. मायलेकी त्यांना 'आजीबाई' म्हणत, इतका जिव्हाळा. तरी भांडणे केवढी! रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही, तो आजीबाईंना जातीचा अभिमान वाटला. रमाबाईंनी उलट विचारले, इंग्रज बाई आमच्यात येऊन राहिली आणि तिने आपल्या रीती सोडल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल का? क्रुसावर लॅटिन अक्षरे का, आमची संस्कृत काय वाईट, असेही त्या म्हणाल्या. त्रैक्याच्या सिद्धान्तावर तर पत्रांमागून पत्रे झडली. पटल्याशिवाय मानणार नाही, हा रमाबाईंचा हट्ट. तो गर्व आहे, हे आजीबाईंचे म्हणणे. एकीनेही गोड बोलून वेळ मारून नेली नाही. पुढे केडगावच्या 'मुक्ती'त शेकडो अनाथ, विधवा बायकांना सांभाळणारी बाई ती हीच. दुसऱ्याच्या साच्यात बसली असती, तर तिच्या हातून एवढे झाले असते का, मला शंका आहे.

हे मी त्या बाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "बघू." एवढ्यावरच थांबल्या, तेही पुष्कळ.

आणि एक. ती भांडणाची पत्रे सिस्टर जेराल्डिन यांनी फाडली नाहीत. रमाबाईंनी त्यांना सुनावलेलीसुद्धा जपून ठेवली, नीट लावली. 1977 साली त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, म्हणून तर आज तुम्हा-आम्हाला ती वाचता येतात.