आपला श

तुम्ही हिंदीचे पुस्तक उघडून त्यातील ल नीट पाहा. त्याच्या उजव्या अंगाला उभा दंड आढळेल. मराठीत रूढ असलेल्या ल ला दंडाच्या जागी पाकळी असते, आणि श ला देठ. ही वळणे गिरवून आपला हात इतका सरावलेला असतो की, ती निराळी आहेत हे आपल्या ध्यानातही येत नाही. २०२२ साली महाराष्ट्र शासनाने मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श वापरावा, असा निर्णय घेतला.

परंतु निर्णयाने संगणकाचे अक्षर बदलत नाही. संगणकाच्या लेखी ल म्हणजे केवळ एक क्रमांक असतो. हिंदीतला ल असो वा मराठीतला, क्रमांक एकच. त्याला कोणते रूप द्यावयाचे हे अक्षरसंच, ज्याला आपण फॉन्ट म्हणतो, तो ठरवतो. अक्षरसंच ही एक फाइल असते. तीत प्रत्येक अक्षराच्या रेषा व अक्षरे जोडण्याचे नियम लिहिलेले असतात.

आम्ही नवी मुंबईत, बेलापूरला राहतो. माझ्या आईला जात्यावरच्या पुष्कळ ओव्या पाठ आहेत. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्या बारा वर्षांच्या पुतणीने त्या ऐकून संगणकावर उतरवल्या आणि वहीला ‘शेला’ असे नाव दिले. छापलेले मुखपृष्ठ आईने चष्मा लावून न्याहाळले व ती म्हणाली, “बाळ, ओव्या माझ्या आहेत, पण हा श आणि हा ल काही आपला नव्हे.”

खरे म्हणजे ओव्याही तिच्या एकटीच्या नव्हत्या. त्या तिच्या आईच्या, आजीच्या आणि त्यांच्याही आधीच्या कितीतरी बायांच्या होत्या. जात्याशी बसलेली बाई एखादी ओळ बदली, एखादी वाढवी, आणि त्यासाठी तिला कोणाची परवानगी मागावी लागत नसे.

पुतणीने दुसऱ्याच दिवशी एक सुबक अक्षरसंच शोधून आणला. त्याचे वळण मराठी होते, मात्र सोबत परवाना नव्हता. “काका, मनाई तर कुठेच लिहिलेली नाही,” ती म्हणाली. मी तिला म्हटले, “शेजारच्या कुंपणावर ‘पेरू तोडू नयेत’ अशी पाटी नसली, म्हणून झाड आपले होते काय?”

आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा आहे. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकाच्या प्रोग्रामलाही वाङ्मयकृतींत जागा मिळाली. कृती निर्माण होताच तिच्यावर कर्त्याचा हक्क उत्पन्न होतो; त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. लेखकाच्या वाङ्मयावरील हा हक्क त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. साने गुरुजी १९५० साली वारले, त्यामुळे ‘श्यामची आई’वरील हक्क २०१० च्या अखेरीस संपला. आज ते पुस्तक कोणीही छापू शकतो. पुस्तकासाठी वाट पाहणे एक वेळ ठीक आहे. प्रोग्रामसाठी इतकी वर्षे थांबावे, तर तो चालवणारे यंत्र वस्तुसंग्रहालयात जाऊन बसलेले असावयाचे! म्हणून ज्याला आपले काम इतरांना द्यावयाचे असेल, त्याने आजच तसे लिहून दिले पाहिजे. हे लिहून देणे म्हणजेच खुला परवाना.

फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्स प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्या प्रती पैसे घेऊन वाटू नयेत अशी त्याची अट होती. १९९२ मध्ये ती काढून त्याने रिचर्ड स्टॉलमन यांचा जीपीएल हा परवाना स्वीकारला. या परवान्यानुसार प्रोग्राम वापरावा, उघडून अभ्यासावा, बदलावा, वाटावा, विकावा देखील. मात्र बदललेला प्रोग्राम वाटताना त्याचा मूळ मजकूरही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. अशा कर्त्याने आपला हक्क सोडून दिला, असे पुष्कळांना वाटते. मला ते पटत नाही. हक्क त्याचा आहे, म्हणूनच तर त्याच्या अटीला वजन आहे.

आमच्याजवळच, खारघर स्थानकासमोर, सी-डॅक या संस्थेचे केंद्र आहे. जुहूची एनसीएसटी ही संस्था पुढे तिच्यात विलीन झाली. त्या एनसीएसटीत सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी ‘रघु’ हा देवनागरी अक्षरसंच रेखाटला, आणि तो जीपीएलखाली सर्वांना खुला झाला. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमधील ‘मंगल’ हा अक्षरसंचही त्यांच्याच हातचा. पण ‘मंगल’ बदलून वाटण्याची मुभा आपल्याला नाही. हात एकच, परवाने मात्र दोन!

मराठी वळणाचे खुले अक्षरसंच आहेत. पण पुतणीला मुखपृष्ठासाठी ठसठशीत अक्षर हवे होते. तसा एक संच तिला ओपन फॉन्ट लायसन्सखाली मिळाला. त्याचा परवाना तिने मोठ्याने वाचला. मूळ कर्त्यांची नोंद पुसू नये. नुसता अक्षरसंच विकू नये. बदललेली प्रत याच परवान्याखाली द्यावी. कर्त्याने नाव राखून ठेवले असेल, तर ते बदललेल्या प्रतीला देऊ नये. ही शेवटची अट तिला जाचक वाटली. मला ती सर्वांत न्याय्य वाटते, कारण आपण काढलेल्या वाकड्या रेषेचा दोष दुसऱ्याच्या नावावर का जावा?

मग फॉन्टफोर्ज या खुल्या प्रोग्राममध्ये तिने तो संच उघडला. श चा देठ तीन दिवसांत जमला. ल च्या पाकळीने मात्र आठवडा घेतला; कधी ती फुगे, कधी शेजारच्या अक्षराला जाऊन टेके. आजी येता-जाता पाही आणि “अजून नाही” म्हणे. अखेरीस तिने मान डोलावली. मग पुतणीने काय बदलले व का बदलले हे चार ओळींत लिहून सारे काम मूळ संच सांभाळणाऱ्यांकडे धाडले.

त्यांचे उत्तर आले. वळण त्यांना आवडले होते. पण त्यांनी विचारले होते की, श्च, श्व आणि ल्ल या जोडाक्षरांचे काय? त्यांचा तिने विचारच केला नव्हता. श्च आणि श्व आता झाले आहेत. ल्ल मधल्या दोन पाकळ्या एका ओळीत कशा बसवाव्यात, यावर आजी आणि नात यांचे अद्याप एकमत झालेले नाही.