गाडी गेली का वो?

मैत्रिणींनो, प्रत्येकीच्या आजोळी एक तरी 'असा' माणूस असतोच. लग्नाकार्यात ज्याला मागच्या रांगेत बसवतात आणि ज्याच्या गोष्टी सांगून आपण मैत्रिणींना खो खो हसवतो, असा. आमच्या आजोळी तर असे दोघं होते, आणि तेही एकाच छपराखाली!

आजोळ तिरोड्याचं. तिरोडा स्टेशनापासून कोसभर आत एक खेडं आहे, तिथलं. दिवाळीची सुट्टी लागली की नागपूरहून आम्ही पॅसेंजरनं निघायचो. तुमसर रोड मागे पडलं की वैनगंगेचा पूल यायचा. आई प्रत्येकीच्या हातावर एक नाणं ठेवायची आणि आम्ही खिडकीतून ते नदीत टाकायचो. पूल संपला की दोन्हीकडे धानाच्या बांध्याच बांध्या. हलकं धान कापणीला आलेलं, भारी धान अजून हिरवं. स्टेशनावर मामाजींची बंडी उभी असायची आणि मामाजी घड्याळ काढून पाहत म्हणायचे, "तेवीस मिनिटं लेट."

हे घड्याळ फक्त गाड्यांसाठी होतं बरं का! मामाजींच्या घरात दिवस चालायचा तो रेल्वेवर. घरापासून शेतं ओलांडली की रूळ. हावड्याकडे जाणाऱ्या गाड्या रात्री अगदी उशाशी धडधडायच्या. सकाळची पॅसेंजर गेली की चहा, दुपारची गेली की जेवण. उत्तम शिस्त म्हणाल तुम्ही. पण गाडी दोन तास लेट असली की जेवणही दोन तास लेट! वरण निवलेलं, भात कोमटलेला, आणि मामाजी ओसरीवर कान देऊन बसलेले. "गाडी गेली का वो?" असं दर पाच मिनिटांनी विचारायचे. मामी बिचारी मागच्या दारानं आम्हाला कच्चा चिवडा नाहीतर उकडलेले शिंगाडे द्यायची आणि तोंड पुसून आत पाठवायची.

१ मे १९९९ ला भंडारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि तिरोडा नव्या गोंदिया जिल्ह्यात गेला. मामाजींना हे मुळीच मान्य झालं नाही. पत्राच्या खाली ते 'जि. भंडारा' असंच लिहायचे, आणि उत्तरही त्याच पत्त्यावर पाठवायचं असा आम्हाला हुकूम. पत्रं पोहोचत असत. पोस्टमन समजूतदार असावा.

तलावाचीही एक गंमत सांगते. गावाच्या तलावाला सगळे 'मामा तलाव' म्हणत. मी पाचवीत जाईपर्यंत तो आमच्या मामाजींचाच समजत होते आणि वर्गात तसं सांगितलंही होतं! मालगुजारांनी बांधलेले हे तलाव. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि 'माजी मालगुजारी'चं 'मामा' झालं. आता शाळेत मी अर्धवेळ शिकवते, तेव्हा हा किस्सा मुलांना हमखास सांगते.

दुसरी, मोठी मावशी. आईची थोरली बहीण, मामाजींची धाकटी. लुगड्यावर मामाजींचा जुना सदरा, पाय अनवाणी, आणि त्याच घरात वेगळी चूल. तिच्या खोलीत खुंट्यांना फडक्यांच्या गाठोड्या लटकत. चिन्नोर, लुचई, हिरानक्की अशी एकेका धानाची बी त्यात असे. डोळे मिटून, नुसतं हुंगून ती नाव सांगायची. आम्ही गाठोड्या अदलाबदल करून तिला फसवायला बघायचो. कधी फसली नाही. बांधीत उभी राहून धानाशी बोलायची, ओंब्या भरल्या नाहीत तर चक्क रागवायची.

आणि ती मामाजींशी बोलत नसे. एका अंगणात राहून बोलत नसे! काही सांगायचं झालं की कोंबड्यांना उद्देशून सांगायची, "सांगा गा त्यायले, बैलानं दावं तोडलं." मामाजीही कोंबड्यांनाच उत्तर देत. आम्ही पोटं धरून हसायचो. नागपूरला परतल्यावर मैत्रिणींपुढे याची नक्कल करण्यात मी पटाईत होते.

हे न बोलणं कशावरून, ते मला आईनं माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी सांगितलं. मावशी लग्नानंतर आठ महिन्यांत सासरहून परत आली होती. का आली ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. तेव्हाची रीत ती! मामाजींनी तिला पुन्हा नेऊन सोडलं. तिसऱ्या दिवशी पहाटे ती दारात उभी. गंगाझरीकडच्या सासरहून रुळाच्या कडेकडेनं रात्रभर चालत आली होती. त्यानंतर तिला कुणी परत पाठवलं नाही. पण ती भावाशी बोललीही नाही.

हे सगळं ठाऊक असूनही मी काय केलं, ते ऐका. २०११ साली नागपूरला माझं लग्न होतं. मावशी आली ती तशीच, सदऱ्यावर, अनवाणी. डोक्यावर जुन्या लुगड्याची शिवलेली पिशवी, तीत पाच पायल्या चिन्नोर. भर मांडवात ती माझ्या सासूबाईंना समजावू लागली, "नवा तांदूर होय, पानी कमी टाकजो." सासरच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. नणंदेनं विचारलं, "ह्या कोण?" मी म्हटलं, "दूरच्या नात्यातल्या आहेत."

मावशी हाताच्या अंतरावर होती. तिनं पिशवी भिंतीशी नीट टेकवून ठेवली आणि जेवायला जाऊन बसली.

तो तांदूळ घरी डब्यात पडून राहिला. तीनेक महिन्यांनी किराणा संपला म्हणून शिजवला, तर शेजारच्या काकू वास घेत दारात आल्या. सासूबाईंनी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला आणि म्हणाल्या, "विचार ना त्यांना, अजून मिळेल का." मला काही पत्र लिहवलं नाही.

गेल्या दिवाळीत 'ह्यां'ना न सांगता मीच तिकिटं काढली आणि लेकीला घेऊन निघाले. आता तिरोडा जवळ आला की आधी दिसतात त्या अदानींच्या वीजप्रकल्पाच्या चिमण्या. ३३०० मेगावॉटचा प्रकल्प आहे. वैनगंगेवर लेकीच्या हातात नाणं दिलं, तर खिडकीला काच! गाडी वातानुकूलित ना. नाणं परत पर्समध्ये.

मामी जाऊन सहा वर्षं झाली. मामाजींना ऐकू येत नाही. मावशी अंगणात धान वाळवत होती, अंगात तोच नाहीतर तसलाच सदरा. शेजारीण म्हणाली, "कोन पाहुनी वो?" मावशीनं माझ्याकडे पाहिलं. "दूरची होय," म्हणाली. "नागपूरची."

नागपूर दूर आहे हे खरंच. तिला तेवढंच म्हणायचं होतं की आणखी काही, हे मी रात्रभर विचार करत होते. दुसऱ्या दिवशी धीर करून तिच्याजवळ बसले आणि लग्नातलं बोलणं काढलं. ती सुपात तांदूळ पाखडत होती. हात थांबले नाहीत. "खाल्लं का तांदूर?" एवढंच तिनं विचारलं. मी म्हटलं, खाल्ला. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतला, हेही सांगितलं. "पानी कमी टाकलं होतं का?" मी हो म्हटलं. मग ती लेकीला गाठोड्या हुंगायला शिकवू लागली.

घरात आता चूल एकच. मावशीच रांधते. मामाजी अजून ओसरीवर रुळाकडे तोंड करून बसतात, पण गाडी आली-गेलेली त्यांना कळत नाही. त्या दुपारी भात झाला. मावशीनं पातेलं उतरवलं, हात पुसले, बाहेर जाऊन त्यांच्या कानाशी ओरडली, "गाडी गेली! जेवाले चला."

लेक म्हणाली, "आई, गाडी कुठे गेली? मी तर खिडकीतच होते."

मी तिला गप्प केलं आणि पाटपाणी घ्यायला लावलं.