मु. पो. पळस्पे, ता. पनवेल, जि. रायगड

पनवेल सोडले की थोड्याच वेळात पळस्पे फाटा येतो. इथे जुना मुंबई-पुणे रस्ता खोपोलीच्या घाटाकडे निघून जातो आणि गोव्याचा रस्ता त्याच्यापासून फुटतो. पुढे हाच राष्ट्रीय महामार्ग 66 कोकण, गोवा, मंगळूर, कोझिकोड करीत कन्याकुमारी गाठतो. फाट्यावर कंटेनरची रांग, चहाच्या टपऱ्या आणि गाडीची वाट पाहणारी माणसे कायम असतात. म्हसळा, श्रीवर्धन, महाड, मंडणगड या बाजूची मंडळी त्यांत हमखास भेटतात. त्यातला एखादा आखाती देशातून आलेला असतो. दोरीने आवळलेल्या खोक्यावर मार्करने लिहिलेले नाव लांबूनच ते सांगते.

कोकणी मुसलमानांच्या कितीतरी घरांत आज वडील, चुलते किंवा भाऊ आखातात आहेत. दहा-बारा वर्षे अरबांच्या देशात काढलेल्या अशा माणसाला अरबी किती येते, हे विचारून पाहा. बहुतेक वेळा उत्तर हसत मिळते. ‘माफी’, ‘शूफ’, ‘यल्ला’, ‘खल्ली वल्ली’, बाजारातले आकडे, मुदीरला द्यायची दोन-चार उत्तरे. सुरुवातीचे सहा महिने माणूस धडाक्याने शिकतो. मग काम भागू लागते, खोलीत हिंदी-उर्दू बोलणारे असतात, साइटवर मल्याळी मुकादम असतो आणि शिकणे तिथेच थांबते. यात आळस कमी आणि व्यवहार जास्त आहे. गरज भागली की भाषेची भूकही भागते.

पण गरज खरोखर भागलेली असते का? सौदी अरेबियाच्या कामगार कायद्याचे 9 वे कलम सांगते की करार अरबीत असला पाहिजे. तो दुसऱ्या भाषेतही लिहिला असेल आणि दोन्हींत फरक निघाला, तर अरबी मजकूरच ग्राह्य धरला जातो. म्हणजे ज्या कागदावर घरच्या चार-पाच जणांचे पोट अवलंबून, त्याचा शेवटचा शब्द अरबीतला. सही मात्र आपली.

दुसरीकडे घरातली मुले पहाटे किंवा संध्याकाळी मकतबात जातात, नूरानी कायदा संपवतात, नाजिरा पूर्ण करतात. ऐन, हा, काफ, साद हे उच्चार, जे शिकताना परदेशी विद्यार्थ्यांचा घाम निघतो, ते आपल्या आठ वर्षांच्या मुलीच्या जिभेवर बसलेले असतात. तिला अक्षर येते, आवाज येतो, अर्थ तेवढा येत नाही. बापाकडे थोडा अर्थ आहे, पण बहुधा कागद वाचायची सवय नाही. एकाच घरात अरबीचे दोन अर्धे तुकडे असे वेगवेगळे पडून राहतात, हे मला नेहमी नवलाचे वाटते.

तिसरा तुकडा मराठीत आहे. या लेखाचे शीर्षक पुन्हा वाचा. टपालाच्या पत्त्यातले ‘मु.’ म्हणजे मुक्काम, ‘ता.’ म्हणजे तालुका, ‘जि.’ म्हणजे जिल्हा. तिन्ही शब्द मूळचे अरबी. मुक्काम हा ‘मुकाम’, उभे राहण्याची, थांबण्याची जागा. तालुका ‘तअल्लुक’ म्हणजे संबंध, यावरून आला. जिल्हा ज्या अरबी शब्दावरून आला त्याचा अर्थ बरगडी किंवा बाजू. पनवेलच्या मामलेदार कचेरीतला ‘मामला’ आणि अंमलबजावणीतला ‘अंमल’ हे एकाच तीन अक्षरांच्या मुळातून, ऐन-मीम-लाममधून निघाले. त्याच मुळातून ‘आमिल’ निघतो, म्हणजे कामगार. आखातातल्या कागदपत्रांवर हाच शब्द आपल्या माणसाच्या नावापुढे असतो. मामलेदार आणि मजूर, दोघे एका घराण्यातले! मकतबातला ‘कायदा’ आणि कामगार ‘कायदा’ यांचेही तसेच.

कधी फसगतही होते. आपण ‘गरीब’ म्हणतो तेव्हा खिसा रिकामा असतो. अरबीत ‘गरीब’ म्हणजे परका, अनोळखी. आखातात पहिल्या रात्री खोलीच्या छताकडे पाहत पडलेल्या मुलाला दोन्ही अर्थ कळत असतील.

आकड्यांतही मराठी माणसाचा फायदा आहे. इंग्रजी शाळेतल्या पोराला अरबी आकडे उलटे वाटतात, कारण पंचवीस म्हणताना अरब आधी पाच म्हणतो, मग वीस. पण आपण ‘पंच-वीस’ म्हणताना दुसरे काय करतो?

पळस्प्याहून गोव्याच्या रस्त्याला लागले की लगेच शिरढोण लागते. हे वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव. इंग्रजांनी त्यांना एडनच्या तुरुंगात धाडले आणि 17 फेब्रुवारी 1883 रोजी ते तिथेच वारले. या पट्ट्यातला माणूस अरबांच्या भूमीवर असाही पोचला होता. पुढे कर्नाळ्याचा सुळका, मग युसूफ मेहेरअली सेंटरचे तारा गाव, मग पेण. रस्त्याबद्दल न बोललेलेच बरे. पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाला 2011 साली हात लागला, त्यानंतर किती पावसाळे गेले ते कोकणात जाणाऱ्याला विचारा. अर्धवट सोडलेल्या कामाची सवय आपल्याला या रस्त्यानेच लावली असावी.

पेण तालुक्यातच गागोदे आहे. 11 सप्टेंबर 1895 रोजी विनोबा भावे तिथे जन्मले. त्यांच्या भाषांची यादी मोठी आहे. वेल्लोरच्या तुरुंगात त्यांनी दक्षिणेतल्या चारही भाषा शिकायला घेतल्या. पण आपल्या वाचकांना त्यांची अरबी अधिक जवळची वाटेल. भाषांतरावर समाधान न मानता, मोठेपणी, कुणाची नोकरी किंवा परीक्षा पुढे नसताना ते अरबी शिकले, कुरआन मुळातून अभ्यासला आणि निवडक आयतींचे ‘कुराण सार’ तयार केले. त्यांच्याकडे ना मकतबचे बालपण होते, ना आखाताचा व्हिसा. शेजाऱ्याचा धर्म त्याच्याच शब्दांत समजून घ्यायचा, एवढे एक कारण होते आणि ते वर्षानुवर्षे पुरले. त्यांच्या निवडीबद्दल किंवा मांडणीबद्दल कुणाचे मतभेद असू शकतात. चिकाटीबद्दल नसावेत.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत जैद बिन साबित (रजि.) यांना यहुद्यांची लिपी शिकायला सांगितली, कारण त्यांच्याशी होणाऱ्या पत्रव्यवहारात दुसऱ्यावर विसंबून राहणे धोक्याचे होते. तिर्मिजीच्या हदीसमध्ये येते की जैद (रजि.) यांनी ती पंधरवड्यात आत्मसात केली. आपल्याला पंधरा दिवसांत जमणार नाही, पण आपला कागद आपण वाचावा, हे कारण तेच आहे. आणि जीभ अडखळते म्हणून लाजून सोडून देणाऱ्यांसाठी हजरत आयेशा (रजि.) यांची रिवायत आहे: जो कुरआन अडखळत, कष्टाने वाचतो त्याला दुहेरी सवाब. चाळिशीतल्या आईने मुलीच्या शेजारी बसून सुरुवात केली तर तिला संकोच वाटू नये म्हणूनच जणू ती सांगितली आहे.

रोजचा वेळ कुठून आणायचा, असा प्रश्न येतो. पाच वक्तांच्या फर्ज नमाजच्या 17 रकाती होतात आणि प्रत्येक रकातीत सूरह फातिहा आहे, आयती 7. कोणत्याही भाषेच्या शिकवणीत इतकी उजळणी कुणी करून घेत नाही. त्यातले हम्द ओळखले की घरातले अहमद, महमूद, हमीद उलगडतात. ‘मालिक’ आपला मालकच. ‘नअबुदु’मध्ये इबादत आणि अब्दुल दोन्ही लपलेले आहेत. ‘मुस्तकीम’ काफ-वाव-मीम या मुळातून येतो आणि कायम, कौम, कयामत हे त्याचे सख्खे. पत्त्यातला मुक्कामही त्यातलाच.

त्याच मुळातून ‘इकामा’ आला आहे. आखातात राहण्याचा परवाना, जो खिशात नसेल तर रस्त्यावर फिरायची चोरी. नमाज उभी राहण्याआधी मशिदीत म्हटली जाते ती इकामतही हाच शब्द. सुट्टीवर आलेला बाप आणि मकतबात जाणारी मुलगी, दोघांनाही हा शब्द येतो. फाट्यावरून घरी पोचल्यावर, खोके सोडायच्या आधी, दोघांनी एकमेकांना त्याचा अर्थ विचारायला हरकत नाही.