उघडून दिलेली बॅग

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला धुळ्यात होस्टेलवर होतो. एकाचा मोबाईल गायब झाला. कुणी नाव घेतलं नाही, पण सगळे आमच्याच खोलीत आले. माझा रूममेट शिरपूरकडचा, भिल्ल. त्यानं स्वतःच बॅग उघडून दिली. मी कॉटवर बसून चार्जरची वायर गुंडाळत राहिलो. मोबाईल रात्री मेसमध्ये बाकाखाली सापडला. सॉरी कुणीच म्हटलं नाही. मीही नाही.

धरणगाव माझ्या मामाचं गाव. बालकवींचं गाव म्हणून माहीत होतं. परवा पुण्यात, ऑफिसचं काम संपल्यावर, त्याच धरणगावच्या भिल्ल पलटणीबद्दल वाचलं आणि ती बॅग आठवली.

१८१८ मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला, पण डोंगरातले भिल्ल काही ताब्यात येईनात. फौजा पाठवून झाल्या, फाशी देऊन झालं. मग १८२५ मध्ये, एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, लेफ्टनंट जेम्स ओट्रमला धरणगावला पाठवलं. वय २२. काम काय, तर ज्यांना सरकार चोर म्हणत होतं, त्यांच्याच हाती बंदुका द्यायच्या. तो नाईकांबरोबर एकटा जंगलात गेला, त्यांना दारू पाजली, पहारा न ठेवता त्यांच्यात राहिला. सुरुवातीला पाच जण तयार झाले. पुढं पलटण शेकड्यांत गेली.

यात भारावून जाण्यासारखं काही नाही. कंपनीला भिल्लांकडूनच भिल्ल आवरून घ्यायचे होते. तेही सगळे आवरले नाहीत. सेंधवा घाटाची राखण करणाऱ्या खाज्या नाईकांनी १८५७ मध्ये बंड केलंच. त्याच वर्षी ओट्रम लखनौला कंपनीसाठी लढत होता. विश्वास हे त्याचं हत्यार होतं.

तरी एक गोष्ट टोचते. ओट्रम स्वतःच्या कामासाठी का होईना, त्यांच्यात बिनधास्त झोपला. मी तर दीड वर्ष रूममेटपासून चार फुटांवर झोपत होतो. 'हा घेणार नाही' एवढंच म्हणायचं होतं.

डिग्रीनंतर त्यानं पोलीस भरतीची तयारी केली. रोज पहाटे ग्राउंडवर १६०० मीटर पळायचा. आता तो राज्य राखीव पोलीस दलात आहे. रविवारी त्याला फोन लावला. बॅगेचा विषय काढला. तो जरा वेळ गप्प राहिला.

"भो, ती बॅग मी उघडली ना, तेव्हा वाटलं होतं, तू म्हणशील, राहू दे."

मग त्यानंच विषय बदलला. दिवाळीला घरी कधी येतोस, विचारलं.